दाब उतरला होता

फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. दंडाचं बीपी १२०-८० असतं आणि आत हृदयाचा उजवा कप्पा रोज थोडा थोडा हरत असतो. पल्मनरी हायपरटेन्शनची ही मूळ खोड. ‘डॉक्टर, बीपी तर नॉर्मल आहे’ असं रुग्ण सांगतो आणि ते खरंच असतं.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. नाशिकमध्ये उभी हयात काढली. या आजारात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा माहिती असूनही झाल्या. पुस्तकं वाचलेली होती, परिषदांना हजेरी होती, भिंतीवर प्रमाणपत्रंही होती. फक्त काही प्रश्न मला ओपीडीच्या वेळेत बसणारे वाटत नसत. सकाळी आंघोळीनंतर बसावं लागतं का, केस विंचरताना हात खाली घ्यावे लागतात का, बोलता बोलता थांबावं लागतं का, असल्या चौकश्या नातेवाइकांनी कराव्यात आणि डॉक्टरांनी आकडे बघावेत, अशी माझी समजूत होती.

आकड्यांची मोहिनीच तशी आहे. निरोगी माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीत सरासरी दाब १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. साठच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत भूक मारणाऱ्या अमिनोरेक्स नावाच्या गोळीमुळे या आजाराची साथच आली. त्यानंतर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक बोलावली. तिथून २५ ही आजाराची हद्द रूढ झाली. २०१८ मध्ये ती २० वर आणण्याची शिफारस झाली. हा दाब नेमका मोजायचा तर मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून नळी थेट उजव्या हृदयात न्यावी लागते. आमच्याकडे बहुतेकांचं काम टू-डी इकोच्या अंदाजावर चालायचं. पण अंदाज असला तरी तो आकडा छापून येतो, आणि छापून आलं की आपण त्याला मान देतो.

दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई २००३ मध्ये माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आत, अंगकाठी बारीक. तक्रार एकच, दम लागतो. कधी लागतो म्हणून विचारल्यावर म्हणाल्या, “वर्गात पाढे म्हणून घेताना मुलं पुढे जातात आणि मी मागे राहते. सतराचा पाढा एका दमात होत नाही.”

मी म्हटलं, “बाई, सतराचा पाढा आम्हालाही होत नाही.”

त्या हसल्या, मीही हसलो. केसपेपरवर मी लिहिलं, छाती स्वच्छ. खाली दम्याचा पंप लिहून दिला.

आता तो कागद आठवला की वाटतं, एवढ्या दोन ओळींतच सगळं होतं. शिट्टी नाही, रात्रीचा खोकला नाही, पावसाळ्यात वाढ नाही. मग दमा कसला? छाती स्वच्छ असून माणूस दमतो म्हणजे चोर दुसऱ्या घरात आहे. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचा फुप्फुसाकडचा भाग टणक वाजत असणार, पण तो ऐकायला स्टेथोस्कोप पाठीवरून छातीच्या डाव्या कडेला आणावा लागतो, आणि तिथं क्षणभर थांबावं लागतं. मी थांबलो नव्हतो. बाई परत आल्या तेव्हा पंपाचा रंग बदलून दिला. पुढच्या वेळी हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर ‘टेन्शन घेऊ नका’ हे आमचं रामबाण औषधही देऊन झालं. २००५ मध्ये उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जिना चढताना त्या चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे इको झाला. दाब ८० च्या वर होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८१ ते १९८५ या काळात अशा १८७ रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यांच्यात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षं गेली होती. पुढे तिथल्याच रिव्हील नावाच्या मोठ्या नोंदणीतही पाचातल्या एकाला दोन वर्षांहून अधिक काळ लागलेला दिसला. थोडक्यात, मी आंतरराष्ट्रीय सरासरी राखली. बाईंचा मात्र त्या दोन वर्षांत जिना गेला. आधी दोन मजले चढणाऱ्या बाई निदानाच्या वेळी सपाटीवरही थांबत थांबत चालत होत्या.

दुसरी चूक त्याच आठवड्यात झाली. बाईंचे यजमान ग्रामसेवक होते. त्यांनी मला लिफ्टजवळ गाठलं आणि विचारलं, “साहेब, खरं सांगा, किती दिवस?” बाई आत खाटेवर होत्या. आपण काही लपवणारे डॉक्टर नाही, हा माझा अभिमान. मी सांगून टाकलं, “पावणेतीन वर्षं धरून चाला.”

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. त्याच नोंदणीतल्या रुग्णांचा तो १९९१ मध्ये छापून आलेला आकडा, २.८ वर्षं. पण तो मध्यक होता. म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्यापुढेही जगले. दुसरं म्हणजे तो या आजाराला औषधच नव्हतं त्या काळातला होता. इपोप्रोस्टेनॉल १९९५ मध्ये आलं, बोसेंटन २००१ मध्ये, आणि सिल्डेनाफिल या आजारात उपयोगी पडतं हे मोठ्या चाचणीनं सिद्ध झालं ते त्याच वर्षी, २००५ मध्ये. मी हे सगळं वाचलेलं होतं. औषधं नव्या काळातली लिहून दिली आणि भविष्य जुन्या काळातलं सांगितलं.

ग्रामसेवक हिशोबी माणूस. त्यांनी पावणेतीन वर्षांत काय काय उरकायचं ते ठरवलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं लग्न त्याच वैशाखात लावून दिलं, शिक्षण तिथंच थांबलं. घराचं बांधकाम अर्धवट सोडलं. बाईंना कुणी काही सांगितलं नाही, “स्थळ चांगलं आलंय” एवढंच. बाईंनी मला त्या दिवसांत एक प्रश्न विचारला होता, “जूनमध्ये शाळेत जाता येईल का?” त्याला मी म्हणालो, “आधी तब्येत बघू.” ज्यांनी वर्षं विचारली त्यांना वर्षं दिली, आणि ज्यांनी शाळा विचारली त्यांना काहीच दिलं नाही.

शाळेचं उत्तर मी वेगळ्या मार्गानं दिलं, बंदी घालून. जिना नको, ओझं नको, प्रवास नको, चालणं शक्यतो नको, मीठ कमी, संपूर्ण विश्रांती. त्या काळी आम्ही सगळेच असं सांगायचो. पण हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ३० रुग्णांची चाचणी छापली. देखरेखीखाली बेताचा व्यायाम केलेले रुग्ण काही आठवड्यांत, व्यायाम न केलेल्यांपेक्षा, सहा मिनिटांत सरासरी १११ मीटर अधिक चालू लागले. औषधांच्या चाचण्यांतही इतका फरक क्वचितच दिसतो. मी तो लेख वाचला, कापून फाइलला लावला आणि बाईंना पुढचं वर्षभर खाटेवरच ठेवलं. वाचलेलं आणि लिहून दिलेलं यांची माझ्याकडे गाठच पडत नसे.

शेवटी बाई माझी परवानगी न घेता शाळेत रुजू झाल्या. मला कळलं ते पाय सुजल्यावर. लघवीची गोळी घेता ना, विचारलं, तर “घेते” म्हणाल्या. मी डोस वाढवला. पुढच्या खेपेला सूज तशीच. मी जरा आवाज चढवला. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीनं सांगितलं, “डॉक्टर, सकाळी गोळी घेतली की दोन तास लघवीला जावं लागतं. आई एसटीनं जाते. गाडी मध्ये थांबत नाही, आणि शाळेतल्या बाथरूमला कडी नाही.” त्यामुळे गोळी फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. वेळ बदलून शाळा सुटल्यावर दिली असती तर प्रश्न पहिल्याच महिन्यात मिटला असता. तो मिटवायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

सिल्डेनाफिलचीही तीच गत. ते दिवसातून तीनदा घ्यायचं. पण हे औषध लोकांना कशासाठी माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रामसेवक गावातल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी बघून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काका, दिवसातून तीनदा?” त्यानंतर ते औषध नाशिकहून आणायला लागले. नाशिकची फेरी लांबली की तीनाच्या दोन गोळ्या व्हायच्या, कधी एक. ही कथा मला कित्येक महिन्यांनी कळली. चिठ्ठीवर ‘फुप्फुसाच्या दाबासाठी’ एवढे शब्द लिहायला मला फारसं काही पडलं नसतं.

कारणं शोधण्यातही मी आळस केला. आपल्याकडे या दाबाच्या मुळाशी बरेचदा दुसरंच दुखणं असतं. केरळमध्ये ५० रुग्णालयांतल्या २००३ रुग्णांची नोंदणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचं मूळ डाव्या हृदयात निघालं. संधिवाती तापानं आक्रसलेली झडप, लहानपणी न बुजवलेलं हृदयातलं छिद्र, चुलीच्या धुरानं गेलेली फुप्फुसं, ही सगळी आपल्या ओळखीची मंडळी. मी मात्र एका मध्यमवयीन ट्रकचालकाच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ लिहून मोकळा झालो. पुढे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी त्याला विचारलं, “पाय कधी सुजला होता का?” सुजला होता, चार वर्षांपूर्वी, एकच पाय. मग रक्ताचा आणि हवेचा पुरवठा ताडून बघणारा स्कॅन झाला. फुप्फुसांत रक्ताच्या जुन्या गाठी निघाल्या. या आजाराचा हा प्रकार असा आहे की शस्त्रक्रियेनं तो बरा होऊ शकतो. शरीर २० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवून, धमन्यांच्या आतून गाठी सोलून काढतात. त्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो सुधारला. पण तोवर त्यानं ट्रक विकला होता. तो मला अजून दिवाळीला फोन करतो, आणि मला दर वेळी तो ट्रक आठवतो.

आता ज्या चुकीबद्दल लिहायचं मी सर्वांत जास्त टाळलं, ती सांगतो.

२००९ च्या सुमाराची गोष्ट. निफाडकडचा द्राक्ष बागायतदार, तिशीतला. इकोत पहिला दाब ९५. औषधं सुरू केली. काही महिन्यांनी नवीन इको करून आला. दाब ६२. मला मनापासून आनंद झाला. मी कागद त्याच्यासमोर धरला, आकड्याखाली लाल रेघ मारली आणि म्हटलं, “बघा, किती उतरला!”

तो कागदाकडे न बघता म्हणाला, “साहेब, पण आंघोळ करून आलं की पाटावर बसून राहावं लागतं. टॉवेल उचलवत नाही.”

“औषधाला वेळ द्या. कागद खोटं बोलत नाही.”

कागद खरंच खोटं बोलत नव्हता. लाल रेघेच्या खाली दोनच ओळी सोडून लिहिलेलं होतं, उजवा कप्पा बराच मोठा, आकुंचन कमी, टॅप्सी ११. टॅप्सी म्हणजे त्या आकुंचनाचं माप; निरोगी हृदयात ती १७ किंवा त्याहून जास्त असते. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. मोठ्या दाबासमोर तो काही काळ तग धरतो, जाड होतो, मग पसरतो, मग दमतो. दमला की रक्त कमी ढकलतो, आणि रक्तच कमी गेलं की दाब आपोआप उतरतो. रोगाच्या सुरुवातीला दाब चढतो आणि शेवटाकडे पुन्हा खाली येतो, हे एम.डी.च्या विद्यार्थ्यांना मी स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं होतं. त्या दिवशी मला फक्त आवडता आकडा दिसला. औषध वाढवलं नाही, दाखल करून घेतलं नाही, नळी घालून तपासणीही केली नाही. सहा महिन्यांनी या म्हणून पाठवलं.

तीन आठवड्यांनी तो बागेत डबा घेऊन जाताना बांधावर कोसळला आणि तिथंच गेला.

त्याचा मोठा भाऊ फाइल घेऊन आला. भांडायला आला नव्हता. लाल रेघ मारलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला आणि विचारलं, “डॉक्टरसाहेब, दाब तर उतरला होता ना?”

मी म्हणालो, “या आजारात असं होतं.” हे वाक्य आम्हा डॉक्टरांचं फार सोयीचं आहे. त्यात खोटं काही नसतं आणि सांगितलेलंही काही नसतं. तो उठला नाही. मग मी सांगितलं. हृदयच थकत चाललं होतं, म्हणून दाब उतरला. त्यानं थोडा विचार केला. “म्हणजे मोटार बसत आली की ठिबकचं प्रेशर उतरतं, तसं?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मग हे आम्हाला कळलं असतं की. तो रोज सांगत होता, मोटार बसतेय म्हणून. त्याच्या भाषेत.”

त्यानं तक्रार केली नाही, कुठे लिहिलं नाही. केली असती तर मला कदाचित बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी सुरू केली. तोवर ‘आपल्याकडे जागाच नाही’ हे माझं उत्तर असायचं. जागा होती. ओपीडीच्या मागचा व्हरांडा शिपाईमामांनी खडूनं आखून दिला, ३० मीटर. डबे घेऊन बसलेले नातेवाईक पाय आखडून वाट द्यायला लागले, कुणी कुणी मोजायलाही लागले. युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४४० मीटरच्या पुढे चालणारा रुग्ण त्या मोजमापात कमी धोक्याच्या गटात बसतो, १६५ च्या आत थांबणारा जास्त धोक्याच्या. चालण्याचं अंतर, रोजच्या कामात लागणारा दम आणि रक्तातलं हृदयाच्या ताणाचं रसायन हे तीन धागे जुळवून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. तिन्ही ठीक असतील तर वर्षभरात दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत. मी ज्याच्याखाली लाल रेघ मारली, तो दाब या तिघांत नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये एम्फसिस-१० नावाची छोटी प्रश्नावली तयार झाली. दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण, एकूण ५०, जास्त गुण म्हणजे हाल जास्त. एक मजला चढल्यावर दम लागतो का, दिवसा आडवं व्हावं लागतं का, गर्दीत जायची धास्ती वाटते का, आपलं घरच्यांना ओझं होतं असं वाटतं का. आणि एक प्रश्न असा की दम लागून बोलणं मध्येच तुटतं का. तो वाचला तेव्हा मला सतराचा पाढा आठवला. तिथल्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचे गुण जास्त, त्यांचं आयुर्मानही कमी. म्हणजे ज्या चौकश्या मी नातेवाइकांवर सोडल्या होत्या, त्या तपासण्याच निघाल्या. कसं जगताय हे विचारलं की किती जगाल याचाही बराचसा अंदाज येतो. उलट बाजूनं विचारलं तर मात्र काहीच कळत नाही.

बाई पावणेतीन वर्षांच्या किती तरी पुढे गेल्या. निदानानंतर दहा वर्षं जगल्या आणि त्यातली बरीचशी वर्गात. नातू झाला. मुलीनं पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली. ग्रामसेवकांनी मला कधी त्या आकड्याची आठवण करून दिली नाही, पण घराचं अर्धवट बांधकाम त्यांनी पुरं केलं तेव्हा वास्तुशांतीचं आमंत्रण हातात ठेवताना ते थोडा जास्त वेळ हसले.

एवढं झाल्यावर शेवट तरी मी नीट करायला हवा होता. २०१५ मध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. त्याच्या वर्षभर आधी एका तपासणीत त्या मला म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, शेवटी मला काचेच्या खोलीत नका ठेवू.” मी म्हटलं, “असलं बोलायचं नाही, अजून नातवाची मुंज बघायचीय.” विषय तिथं संपवला तो मी. नंतर कधी काढला नाही, कारण काढला तर आपण हात टेकले असं त्यांना वाटेल, अशी मला भीती. या आजारात व्हेंटिलेटरवर घेताना रक्तदाब घसरतो आणि उजवं हृदय पुरतं कोलमडू शकतं, हेही मला पाठ होतं. दम कमी वाटावा म्हणून मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत देता येतं, घरीसुद्धा, तेही माहीत होतं. तरी मी त्यांना आयसीयूत हलवलं. कुणी विचारलं असतं तर ‘सगळं काही केलं’ असं सांगता आलं असतं. भेटायची वेळ संध्याकाळी अर्धा तास होती. त्या तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या, तेव्हा घरचे सगळे खाली पार्किंगमध्ये होते.

तेराव्यानंतर मुलगी भेटली. तिनं विचारलं, “आईनं तुम्हाला काही सांगितलं होतं का?” मी सांगितलं, हो. ती पुढे काही बोलली नाही.

आता माझी ओपीडी आठवड्यातून दोनदा असते. फुप्फुसाच्या दाबाच्या रुग्णाला मी आकड्याआधी आंघोळीचं विचारतो, जिन्याचं विचारतो, गोळी कुठून आणता, गाडीनं येता की एसटीनं, तेही विचारतो. जमेल तेव्हा विचारतो, शेवटी कुठे राहायला आवडेल. हे सगळं विचारायला पाच मिनिटं पुरतात, पण उत्तर ऐकायला वीस लागतात. बाहेर रांग वाढते, लोक कुरकुरतात, रिसेप्शनवरची मुलगी दारातून दोनदा डोकावून जाते. सोमवारी गर्दी जास्त असली की अजूनही माझा हात आधी इकोच्या कागदाकडे जातो.